मेंदूच्या अभ्यासासाठी बोलावलं, तर विचारा आणि मग जा

पातूर, शिर्ला, बाभुळगाव, आलेगाव, चान्नी, सस्ती, विवरा, मळसूर इथल्या सगळ्या मायबाप मंडळींना एक विनंती आहे. ती आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना ती मनात राहील. उद्या एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाचे किंवा संशोधन संस्थेचे लोक गावात आले आणि म्हणाले, "आम्हाला म्हातारपणातल्या मेंदूचा अभ्यास करायचा आहे, तुमच्या डोक्याचा एमआरआय काढू द्याल का," तर त्यांना दारातूनच परत पाठवू नका. त्यांना बसवा आणि पुढे दिलेले प्रश्न विचारा. उत्तरं पटली तर हो म्हणा. पटली नाहीत तर खुशाल नाही म्हणा.

आपल्याकडे घरात कुणी विसरायला लागलं की आपण म्हणतो, "वय झालं, आता असंच चालायचं." बुढा शेतातून घरी यायचा रस्ता चुकतो, बुढी एकच गोष्ट दहादा विचारते, चूल पेटवून विसरते. बहुतेक घरांत याला आजार समजतच नाहीत. पण ही गोष्ट मोजली गेली आहे. देशभरातल्या साठीच्या पुढच्या माणसांवर झालेला एक मोठा अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून निघालेला अंदाज असा की भारतात साठी ओलांडलेल्या दर शंभर माणसांत सातांपेक्षा जास्त जणांना स्मृतिभ्रंश आहे. देशभरात हा आकडा सुमारे 88 लाख होतो. त्यातही शहरापेक्षा खेड्यात प्रमाण जास्त निघालं: शहरात 5.3 टक्के, खेड्यात 8.4 टक्के. पुरुषांपेक्षा बायांमध्येही ते जास्त आहे. म्हणजे या दुखण्याचा मोठा भार आपल्यासारख्या गावांवर आणि आपल्या मायमावश्यांवर आहे.

आता दुसरी बाजू बघा. मेंदूचे एमआरआय सगळ्यात जास्त काढले जातात ते श्रीमंत देशांत आणि मोठ्या शहरांत. ब्रिटनमधल्या 'यूके बायोबँक' या प्रकल्पाने एक लाख माणसांचे स्कॅन काढले. जगभरचे संशोधक मेंदूची तुलना करताना जो नमुना नकाशा सर्रास वापरतात, तो कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये 152 तरुण माणसांच्या स्कॅनवरून तयार झाला आहे. हैदराबादच्या आयआयआयटीतल्या संशोधकांनी 2019 मध्ये 100 भारतीय तरुणांच्या स्कॅनवरून भारतीय मेंदूचा नमुना तयार केला, तेव्हा लांबी, रुंदी, उंची आणि आकारमान यांत तो पाश्चात्त्य नमुन्यापेक्षा सरासरीने लहान निघाला. हा फरक मापाचा आहे, बुद्धीचा नाही. पण डॉक्टरच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे. मेंदू वयाप्रमाणे आक्रसला आहे की आजाराने, हे ठरवायचं तर आधी निरोगी माणसाचं माप हाताशी लागतं. दुसऱ्याच्या अंगावर बेतलेला सदरा आपल्याला नीट बसत नाही, तसंच हे आहे. साठ वर्षं उन्हात कापूस वेचलेल्या, शाळेची पायरी न चढलेल्या बाईच्या निरोगी मेंदूचं माप कुठल्या परदेशी नकाशात सापडणार?

हे काम खेड्यात होऊच शकत नाही, असं कुणी म्हणेल. ते होतं, आणि आपल्या शेजारच्याच राज्यात चालू आहे. कर्नाटकातल्या कोलार जिल्ह्यात श्रीनिवासपूर हा आंब्यांसाठी ओळखला जाणारा तालुका आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातल्या 'सेंटर फॉर ब्रेन रिसर्च'ने 2018 मध्ये तिथल्या गावांत अभ्यास सुरू केला. पंचेचाळिशी ओलांडलेली दहा हजार माणसं घ्यायची आणि वर्षानुवर्षं त्याच माणसांना परत परत तपासायचं, असं त्याचं स्वरूप आहे. त्यात रक्ततपासणी होते, स्मरणशक्तीच्या चाचण्या होतात, डोळ्यांच्या पडद्याचे फोटो काढतात आणि मेंदूचा एमआरआयही काढतात. ही बहुतेक शेतकरी आणि शेतमजूर माणसं आहेत. एकदा तपासून सोडून दिलं तर आजार दिसतो. तीच माणसं पुन्हा पुन्हा तपासली तर आजार कसा आणि कधी सुरू होतो ते कळतं, आणि सुरुवात कळली तरच तो रोखायची वाट सापडते. जे काम कोलारच्या खेड्यांत होऊ शकतं ते अकोला जिल्ह्यात का होऊ नये?

आता मशीनबद्दल बोलू, कारण खरी भीती तिथेच आहे. "त्या बोगद्यात घालून डोक्याले करंट देतात," असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. करंट देत नाहीत. एमआरआयमध्ये एक्स-रेसुद्धा नसतो, ते किरण सीटी स्कॅनमध्ये असतात. एमआरआय हा एक फार मोठा लोहचुंबक आहे. आपल्या शरीरात पाणी भरपूर, आणि पाण्यात हायड्रोजन असतो. चुंबकाच्या प्रभावात हायड्रोजनच्या अणूंची केंद्रं एका दिशेने वळतात. मग मशीन रेडिओच्या लहरी सोडतं, ती केंद्रं थोडी विचलित होतात, आणि पुन्हा जागेवर येताना स्वतः एक बारीक संकेत देतात. तो पकडून संगणक चित्र तयार करतो. नेहमीच्या 1.5 टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप) मशीनमध्ये या लहरी 64 मेगाहर्ट्झच्या आसपास असतात, म्हणजे एफएम रेडिओच्या पट्ट्याच्या थोड्या खाली. या चित्रण पद्धतीसाठी पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना 2003 मध्ये वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

आत गेल्यावर काय होतं तेही सांगतो. माणूस पाठीवर झोपतो, डोक्याभोवती पिंजऱ्यासारखी चौकट बसवतात, आणि फळी नळीत सरकते. वीस मिनिटं ते पाऊण तास हलायचं नाही. मशीन मोठमोठ्याने ठोकल्यासारखा आवाज करतं, म्हणून कानात बोळे किंवा हेडफोन देतात. हातात रबरी फुगा असतो. घाबरलं, गुदमरल्यासारखं वाटलं, तर तो दाबायचा, माणसं लगेच बाहेर काढतात. दुखत काहीच नाही. ज्यांना बंद जागेची भीती आहे त्यांनी ती आधी सांगावी, सांगण्यात लाज कसली?

धोका आहे तो लोखंडाचा, आणि तो कधीही हलका समजू नका. 1.5 टेस्लाचा चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे 30,000 पट ताकदीचा असतो. बहुतेक मशीनमध्ये त्याचं वेटोळं उणे 269 अंश सेल्सिअसच्या द्रवरूप हेलियममध्ये ठेवलेलं असतं, आणि चित्र काढणं थांबलं तरी चुंबक चालूच राहतो. रात्री, सुटीच्या दिवशी, दिवे बंद असतानाही तो चालूच असतो. जानेवारी 2018 मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात एक 32 वर्षांचा तरुण नातेवाईक रुग्णासाठी ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला. चुंबकाने सिलिंडरसकट त्याला खेचलं आणि त्याचा जीव गेला. मशीन बंद आहे असं सांगितलं होतं, असं घरच्यांचं म्हणणं होतं. म्हणून सांगतो, कुणीही म्हणो "मशीन बंद आहे", एमआरआयचा चुंबक चालूच आहे असं समजा.

जाताना काय काढायचं? मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या, नथ, कानातलं, केसांच्या पिना, साडीच्या सेफ्टी पिना, गळ्यातला किंवा दंडावरचा ताईत, करदोड्यातली किल्ली, पट्टा, मोबाइल, एटीएम कार्ड, सुटे पैसे, काढता येणारे दात, कानाचं मशीन. सोनं-चांदी लोखंडासारखी ओढली जात नाही, पण तापू शकते आणि चित्र बिघडवते, तेव्हा तीही नको. मंगळसूत्र काढायला बाया का-कू करतात. ते घरच्या माणसाच्या हाती द्या, तासाभरात परत गळ्यात येईल. आणि काही गोष्टी विचारायच्या आधीच सांगा: हृदयात पेसमेकर आहे का, डोक्याचं किंवा कानाचं ऑपरेशन होऊन आत काही बसवलं आहे का, हाडात रॉड किंवा प्लेट आहे का, पोटात बाळ आहे का. वेल्डिंग, ग्राइंडिंग, लेथ मशीनवर काम केलेल्यांनी तर आवर्जून सांगावं. डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण वर्षानुवर्षं तिथेच बसलेला असू शकतो, आणि तो चुंबकात हलला तर डोळा जाऊ शकतो.

आता दुसरी भीती. "मशीननं डोक्यातलं सारं वाचता येते." वाचता येत नाही. मेंदूचा जो भाग काम करतो तिकडे रक्त जास्त जातं, आणि प्राणवायू असलेल्या आणि नसलेल्या रक्ताचं चुंबकीय वागणं वेगळं असतं. जपानी शास्त्रज्ञ सेईजी ओगावा यांनी 1990 मध्ये याचाच उपयोग दाखवला, आणि काम करणारा मेंदू पाहायची रीत त्यातून निघाली. तिला फंक्शनल एमआरआय म्हणतात. तिने काय कळतं याचं एक उदाहरण आपल्या लिपीचंच आहे. हरियाणातल्या मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात हिंदी वाचणाऱ्यांचा असा अभ्यास झाला. देवनागरी वाचताना मेंदूच्या डाव्या बाजूबरोबर उजव्या बाजूचे काही भागही कामाला लागतात, असं त्यात दिसलं. आपल्या मात्रा अक्षराच्या आधी, नंतर, वर, खाली अशा सगळीकडे लागतात, तेव्हा अक्षराची मांडणीही नजरेने जुळवावी लागते. हे चित्र कोणता भाग कामाला लागला तेवढं सांगतं. माणसाच्या मनात काय आहे, तो खरा की खोटा, कुणावर त्याचा राग आहे, हे त्यात उमटत नाही.

म्हणूनच मेंदूच्या नावाने दुकान मांडणाऱ्यांपासून सावध राहा. डोळ्यांवर पट्टी बांधून पोर वाचून दाखवेल असं सांगणारे 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'चे वर्ग, बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धी आणि करिअर सांगणाऱ्या चाचण्या, यांच्या पत्रकावर मेंदूचं रंगीत चित्र हमखास असतं. या गोष्टींना शास्त्राचा आधार नाही. मिडब्रेनच्या दाव्याला महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जाहीर आव्हान दिलेलं आहे. खरा संशोधक तुमच्याकडून फी घेत नाही आणि तुमच्या पोराला हुशार करून देतो असंही म्हणत नाही. तो उलट सावधपणे बोलतो. त्याच मानेसरच्या केंद्रात यजुर्वेद मुखोद्गत असलेल्या 21 पंडितांचे स्कॅन काढले गेले, तेव्हा त्यांच्या मेंदूच्या काही भागांत करडा थर इतरांपेक्षा जास्त आढळला. पाठांतराने तो वाढला, की मुळात तसा मेंदू असलेलीच मुलं या वाटेला टिकली, हे एवढ्यावरून ठरत नाही. एकवीस माणसांवरून साऱ्या माणसांबद्दल बोलता येत नाही. माणसामाणसांतले बारीक फरक पक्के सांगायचे तर हजारो माणसं लागतात, आणि म्हणून तुमच्यामाझ्यासारख्या साध्या माणसाची गरज आहे.

संशोधनाला जायचं ठरवण्याआधी हे प्रश्न विचारा. सोबत शिकलेलं पोर असू द्या, आणि उत्तरं मराठीत मागा.

1. तुम्ही कोणत्या संस्थेचे? या अभ्यासाला नीतिशास्त्र समितीची मंजुरी आहे का? तिचा कागद दाखवा.

2. माहितीपत्रक मराठीत आहे का? वाचता येत नसेल तर वाचून दाखवा, आणि आमच्या ओळखीचा एक साक्षीदार बसू द्या.

3. यात इंजेक्शन आहे का? असेल तर कशाचं, आणि मूत्रपिंडाचा त्रास असलेल्याला ते चालतं का?

4. स्कॅनमध्ये अचानक काही गाठ किंवा बिघाड दिसला तर आम्हाला कोण सांगेल, आणि पुढे कुठे पाठवाल?

5. आमचं नाव आणि चित्र कुठे ठेवाल? कुणाकुणाला दाखवाल? चेहरा ओळखू येणार नाही याची काय व्यवस्था आहे?

6. जाण्यायेण्याचा खर्च, बुडालेली मजुरी कोण देणार? आत काही इजा झाली तर जबाबदारी कुणाची?

7. मध्येच नको वाटलं तर थांबता येईल का, आणि त्याने आमच्या दवाखान्यातल्या उपचारावर काही परिणाम होईल का?

हे प्रश्न विचारणं हा तुमचा हक्क आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये माणसाची समजून घेतलेली संमती आणि कधीही माघार घेण्याची मुभा या गोष्टी स्पष्ट लिहिल्या आहेत. संशयितावर जबरदस्तीने नार्को चाचणी किंवा 'ब्रेन मॅपिंग' करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानेही मे 2010 मध्ये सांगितलं आहे. आरोपीच्या मेंदूलाही जिथे हे संरक्षण आहे, तिथे तुमच्या अंगठ्याची किंमत कमी कशी असेल? सरपंच म्हणाले, मोठ्या पोराने सांगितलं, डॉक्टर रागावतील, म्हणून अंगठा उठवू नका. तसंच बायकोच्या वतीने नवऱ्याने किंवा सासूच्या वतीने सुनेने हो म्हणू नये. ज्याचं डोकं त्याची संमती. ज्याला स्मृतिभ्रंशामुळे समजतच नाही, त्याच्यासाठी घरच्यांनी ठरवताना आधी त्याचं हित बघावं.

चौथ्या प्रश्नाबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण "काई निघालं तं?" या भीतीनेच पुष्कळ लोक मागे सरतात. काही लक्षण नसलेल्या माणसांच्या स्कॅनमध्ये अचानक काही दिसण्याचं प्रमाण किती, हे 19,000 पेक्षा जास्त माणसांच्या स्कॅनवरून 2009 मध्ये पाहिलं गेलं. साधारण 37 जणांमागे एकाच्या स्कॅनमध्ये काहीतरी निघालं. म्हणजे बहुतेकांचं स्वच्छ असतं. ज्यांचं निघतं त्यातलंही सगळं घातक नसतं, पुष्कळदा नुसतं लक्ष ठेवावं लागतं. पण ते कळवण्याची आणि पुढे न्यूरोलॉजिस्टपर्यंत पोचवण्याची व्यवस्था आधीच ठरलेली नसेल, तर त्या अभ्यासाला जाऊ नका. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. संशोधनाचा स्कॅन म्हणजे तपासणी झाली असं नाही. डोकं दुखतं, चक्कर येते, हात बधिर होतो, तर डॉक्टरकडेच जायचं.

दवाखान्यातल्या एमआरआयबद्दलही तीन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली मिरगीची. मिरगी आली की अजूनही जोडा हुंगवतात, कांदा लावतात, उतारा टाकतात. मिरगी हा मेंदूचा आजार आहे, आणि पुष्कळदा त्याचं कारण स्कॅनमध्ये दिसतं: जुन्या माराचा व्रण, जन्माच्या वेळची इजा, कधी टेपवर्मची अळी मेंदूत जाऊन झालेली गाठ. यातल्या बऱ्याच जणांना औषधाने आराम पडतो. दुसरी लकव्याची. तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, बोबडी वळली, की एमआरआय कुठे मिळेल याचा शोध घेत बसू नका. रक्ताची गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधीचा सीटी स्कॅन लवकर होतो. पातूरहून अकोला तीसेक किलोमीटर. गाडी काढा आणि थेट मोठ्या दवाखान्यात जा. आधी तेल चोळत, झाडपाल्याचं बघत बसाल तर तेच तास हातचे जातील. तिसरी गोष्ट फिल्मची. जुन्या एमआरआयच्या फिल्म, सीडी आणि रिपोर्ट फेकू नका, उन्हात टाकू नका. दोन वर्षांनी नवा स्कॅन काढला की डॉक्टर दोन्ही शेजारी धरून बघतात, आणि आजार वाढला की थांबला ते त्यातूनच ठरतं.

संशोधनाला वेळ लागतो, पण आजवरच्या संशोधनातून आपल्या हाती आलेलं काही आहे. वर्षानुवर्षं वाढलेल्या बीपीने मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, आणि एमआरआयमध्ये ते पांढऱ्या डागांच्या रूपाने दिसतं. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2024 मध्ये सांगितलं की चौदा कारणांवर काम केलं तर जगातला जवळजवळ निम्मा स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येऊ शकतो. त्या कारणांत बीपी, शुगर, विडी-सिगारेट, दारू, डोक्याला मार, कमी ऐकू येणं, कमी दिसणं, कमी शिक्षण आणि एकटेपणा आहे. बीपीची गोळी बरं वाटतं म्हणून बंद करू नका. मोटारसायकलवर हेल्मेट घाला. मोतीबिंदू लांबवू नका. बुढ्याला ऐकू येत नसेल तर कानाचं मशीन लावा आणि त्याच्याशी बोला. पोरीला दहावीच्या पुढे शिकवा, तिच्या म्हातारपणच्या मेंदूची तरतूद आजच होते.

शेवटी दोन शब्द अकोला-अमरावतीच्या वैद्यकीय महाविद्यालयांतल्या आणि विद्यापीठातल्या मंडळींना. यंत्रं आता परक्या देशांपुरती राहिलेली नाहीत. मुंबईची 'समीर' ही सरकारी संस्था स्वदेशी एमआरआयवर काम करते आहे, आणि बंगळुरूच्या 'व्होक्सेलग्रिड्स' कंपनीने भारतात घडवलेलं मशीन आपल्या विदर्भात, चंद्रपूरच्या कर्करोग रुग्णालयात बसलं आहे. तेव्हा वऱ्हाडातल्या गावांचा असा दीर्घ अभ्यास तुम्ही हाती घ्या. येताना मराठीत, जमलं तर वऱ्हाडीत बोला. पेरणीच्या आणि वेचणीच्या दिवसांत येऊ नका. स्मरणशक्तीच्या चाचण्या अक्षरओळख नसलेल्यांनाही जमतील अशा ठेवा. आणि निष्कर्ष निघाले की ते आधी गावात येऊन, चावडीवर बसून सांगा. माणसं देऊन मोकळं व्हायचं आणि पुढे काही कळायचं नाही, असं झालं तर दुसऱ्यांदा कुणी दार उघडणार नाही.

आणि गावकऱ्यांनो, आपल्या आशाताई, शाळेचे गुरुजी, बचत गटाच्या बाया, यांनी हे प्रश्न एका कागदावर लिहून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे. संशोधक आले तर त्यांना तो कागद दाखवा. उत्तरं नीट मिळाली, मन राजी झालं, तर अंगावरचं लोखंड काढून ठेवा, सोबत एक माणूस घ्या आणि जा. तुमच्या पाऊण तासाने तुमचं दुखणं कदाचित बरं होणार नाही. पण तुमच्या नातवंडांच्या डॉक्टरच्या हाती आपल्या माणसांचं माप असेल.